मालकांच्या गुडघ्याचं हवामान

सकाळी उठल्यावर त्या घरात देवाच्या आधी मालकांच्या गुडघ्याचं नाव निघत असे. बॉयलर पेटलेला असे, चादरी धुऊन पिळून टोपल्यांत भरलेल्या असत, चिमट्यांचा डबाही दाराशी येऊन बसलेला असे. फक्त टोपली अंगणात न्यायची की घरात, एवढंच ठरायचं बाकी असे. मग चिरंजीव, म्हणजे मालकांचा एकुलता एक मुलगा, ओले हात पँटला पुसत वडिलांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत आणि विचारत, "बाबा, काय म्हणतोय गुडघा?"

मालक लगेच उत्तर देत नसत. लगेच दिलेल्या उत्तराला किंमत नसते, हे त्यांना दुकानदारीच्या उभ्या आयुष्यात कळलेलं होतं. ते डावा पाय हळूच लांब करत, डोळे मिटत, गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवत आणि दूर कुठे काही वाजतंय का ते ऐकल्यासारखा चेहरा करत. मग म्हणत, "ठणकतोय." किंवा, "बरा आहे आज." ठणकत असला की टोपल्या आत आणि बरा असला की अंगणात. आकाशाकडे मान वर करून बघायची तसदी त्या घरात आताशा कुणी घेत नव्हतं.

मालकांना अजून मालक म्हणत, यात थोडी दयामाया होती. लाँड्री त्यांनी उभी केली हे खरं, पण बायको गेली त्या साली त्यांनी किल्ल्या मुलाकडे दिल्या आणि दिल्या दिवसापासून पस्तावले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून ते "खळ जास्त झाली", "नीळ कमी पडली", "अशी घडी घालतात होय?" असं सुरू ठेवत. चिरंजीव मुळात घुमे. ते ऐकून घेत, "हं" म्हणत आणि आपल्याला हवं तेच करत. हळूहळू "हं"सुद्धा बंद झालं. मग खुर्ची गल्ल्यामागून खिडकीशी गेली, खिडकीपासून मागच्या खोलीत गेली, आणि खुर्चीपाठोपाठ मालकही गेले. बापलेक एका छपराखाली राहत होते, पण दिवसाकाठी त्यांच्यात जेवढं बोलणं होई तेवढं तर अनोळखी माणसं बसथांब्यावर बोलतात.

अशात एका लख्ख दिवशी समारंभाच्या हॉलचे पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ अंगणभर वाळत पडले होते. मालक खोलीतून ओरडले, "आत घ्या ते! गुडघा ठणकतोय!" चिरंजीवांनी दुर्लक्ष केलं. मालक पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून केवळ ती कटकट थांबावी यासाठी चिरंजीवांनी कपडे आत घेतले. शेवटचं कापड उंबऱ्याच्या आत आलं आणि बाहेर असा पाऊस कोसळला की समोरच्या रंगाऱ्याने नुकतीच रंगवलेली भिंत ओघळत गटारात गेली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय! पण कावळ्याला हे कोण सांगणार? आणि इथे तर कावळ्यालाही वाटायला लागलं की फांदी आपल्याच वजनाने तुटली.

त्या दिवसापासून मालकांचं नशीब पालटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीव प्रथमच आपणहून खोलीच्या दारात आले. तिसऱ्या दिवशी रंगारी आला, आज भिंत रंगवायला घ्यावी का म्हणून. मग समारंभाला तंबू ठोकणारा यायला लागला. छत्र्यांच्या दुकानदाराने तर मालकांना भाऊच मानलं. गुडघा ठणकला की तो छत्र्या बाहेर टांगायचा आणि जाता-येता विचारायचा, "काय मालक, वाढलंय ना दुखणं?" त्या गल्लीत "लवकर बरे व्हा" म्हणणारा एक माणूस उरला नाही. जो तो आपल्या सोयीने मालकांच्या वेदनेची चौकशी करी.

गुडघा चुकतही असे. चुकणारच, गुडघा आहे तो. पण गंमत अशी की त्याच्या चुका कुणाच्या लक्षातच राहत नसत. ठणकला आणि पाऊस आला, तर त्याची चर्चा आठवडाभर. ठणकला आणि आला नाही, तर "पलीकडच्या डोंगरात पडला असणार." ठणकला नाही आणि तरी पाऊस आला, तर "ही काय सर आहे? दोन थेंब! एवढ्यासाठी मालकांचा गुडघा थोडाच दुखायचा?" म्हणजे छापा पडला तर गुडघा जिंकला आणि काटा पडला तर आभाळ हरलं. असला वकील मिळाला तर कुणीही निर्दोष सुटेल.

आता खरी मेख पुढे आहे. पाऊस येणार म्हटल्यावर चादरी आत घ्यायच्या, पण आत म्हणजे कुठे? मागच्या इस्त्रीखोलीत मोठं यंत्र, लांबलचक टेबलं आणि इस्त्री करणाऱ्या बाया. तिथे दोरी बांधली तर बायांच्या डोक्यावर ओलं कापड लोळायचं. घरात मोठी आणि मोकळी खोली एकच, ती मालकांची. तेव्हा चिरंजीवांनी तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या ताणल्या. मालकांनी हरकत घेतली नाही. आपल्या शब्दाखातर आत आलेल्या चादरी आपल्याच डोक्यावर झुलतायत, याचा त्यांना अभिमानच वाटला. राजाच्या डोक्यावर छत्र असतं, यांच्या डोक्यावर लॉजच्या चादरी होत्या, एवढाच काय तो फरक.

पण चादरी ओल्या होत्या. बाहेर कडाक्याची थंडी, खिडक्या घट्ट बंद, आणि आत ओल्या कापडांची दाटी. भिंतींना दमट घाम फुटे, गादी गार पडे, उशीला कुबट वास येई. अशा खोलीत निजलेल्या म्हाताऱ्याचा गुडघा सकाळी ठणकणार नाही तर काय करणार? तो ठणके. मालक म्हणत, "ठणकतोय." टोपल्या पुन्हा आत येत. आतल्या निम्म्याशिम्म्या वाळलेल्या चादरी पलीकडच्या दोरीवर सरकत आणि नव्या ओल्या चादरी बरोबर खाटेवर टांगल्या जात. दुसऱ्या सकाळी गुडघा आणखी ठणके. बाहेर निरभ्र आकाशात ऊन मजेत हिंडत होतं, आणि त्या घरात मात्र पावसाळा संपायचं नाव घेत नव्हता.

शेवटी दुखणं इतकं वाढलं की मालकांना खाटेवरून उठताना भिंत धरावी लागायला लागली. सूनबाईंनी नवऱ्याला विचारलंही नाही, सरळ डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. चिरंजीव तेव्हा गाठोडी पोचवायला बाहेर गेले होते. डॉक्टरीणबाईंनी खोलीचं दार उघडलं आणि एक ओली चादर फटकन त्यांच्या तोंडावर बसली.

"यात झोपता तुम्ही?" चष्मा पुसत त्यांनी विचारलं.

"पाऊस येणार आहे ना," मालक म्हणाले. "गुडघा सांगतोय."

डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला, मान हलवली. "हे पहा आजोबा, सांधे झिजलेत. वयाने झिजणारच. थंडी पडली, हवा ओली असली, की ते आखडतात आणि जास्त दुखतात, असं पुष्कळ माणसं सांगतात. उद्या पाऊस येईल का ते मला सांगता यायचं नाही आणि तुमच्या गुडघ्यालाही नाही. पण या खोलीत तो रोज पडतोय, एवढं दिसतंय. कोरड्या, उबदार जागी झोपा. गुडघ्याला गरम पट्टी बांधा. आणि खाटेवर पडून राहू नका, चाला."

हे ऐकून मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कालच्या पोरीने आपल्या गुडघ्याची अक्कल काढावी! पण सूनबाई हलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी त्याच दुपारी सासऱ्यांची खाट उचलून इस्त्रीखोलीच्या कोपऱ्यात नेली, गाठोडी ठेवायची तिथे. बॉयलरची ऊब त्या कोपऱ्यात दिवसरात्र मुरलेली असे.

मालक फुरंगटून झोपले आणि मेल्यासारखे झोपले.

काही दिवस असे गेले आणि एका सकाळी जाग आली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. ते पडल्या पडल्या विचार करत राहिले, की आज कमी काय आहे बरं? मग लक्षात आलं. दुखत नव्हतं. त्यांनी पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. भिंत न धरता उठून उभे राहिले. इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा पाय त्यांचा झाला होता.

आणि तेवढ्यात दारात चिरंजीव आले. "बाबा, काय म्हणतोय गुडघा?"

मालकांचा आनंद जागच्या जागी थिजला. काय सांगणार? गुडघा काहीच म्हणत नव्हता. बरा आहे म्हणावं, तर उद्याही बराच असणार, परवाही बराच. मग हा पोरगा कशाला येईल दारात? रंगारी कशाला येईल? खुर्ची आधीच मागच्या खोलीत गेलीय, आता खाटही गाठोड्यांच्या जागी आलीय. उद्या लोक त्यांनाही गाठोडंच समजायचे, बांधून ठेवलेलं. त्या विचाराने त्यांची पाचावर धारण बसली.

"ठणकतोय," मालक म्हणाले. "फार ठणकतोय."

टोपल्या आत गेल्या. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

खोटं बोलणं सोपं, लंगडणं अवघड. दुखत असताना पाय आपसूक लंगडतो, दुखायचा थांबला की प्रत्येक पावलाला आठवण ठेवावी लागते. मालक दुपारी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर सूनबाईंनी कपावरून नजर वर केली.

"बाबा, आज उजवा पाय? रोज डावा असतो ना?"

मालक गडबडले, पण दुकानदार माणूस, तोंड बंद पडू देतो होय! "सर्दी नाही का या नाकपुडीतून त्या नाकपुडीत जात? तसंच आहे हे."

सूनबाईंनी नुसता कप पुढे सरकवला. पण मागे उभ्या असलेल्या चिरंजीवांचे डोळे मोठे झाले. "दोन्ही गुडघे?" ते म्हणाले. "म्हणजे मोठा पाऊस आहे!" आणि अंगणात कुणा भल्या माणसाने उन्हात टाकलेली पायपुसणीसुद्धा त्यांनी धावत जाऊन आत आणली. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली. तंबूवाल्याने एक काम पुढे ढकललं, रंगाऱ्याने रंगाच्या डब्यांना झाकणं लावली, छत्रीवाल्याने आणखी माल मागवला. आणि आभाळ बिचारं स्वच्छ निळं, आपल्यावर काय आळ आलाय याची त्याला गंधवार्ता नव्हती.

मालक रोज खोटं सांगत राहिले आणि चादरी रिकाम्या खोलीतल्या ओलीत कुजत राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते स्वतःला बजावत. पण मुठीतून वास यायला लागला होता, तो किती दिवस झाकणार?

मग लॉजचा मॅनेजर आला. त्याची लॉज म्हणजे लाँड्रीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याने एक घडी केलेली चादर काउंटरवर आपटली आणि चिरंजीवांना म्हणाला, "वास घ्या."

चिरंजीवांनी घेतला आणि चादर अलगद खाली ठेवली.

"पाहुणे विचारतात, खोलीत बुरशी आलीय का म्हणून! काल एक बाई बिछान्यातून उठून गेल्या. धुतलेल्या चादरी आहेत या की तळघरातून काढलेल्या?"

"हवा खराब आहे," चिरंजीव म्हणाले. "पावसामुळे आत वाळवाव्या लागतात."

मॅनेजरने मागे वळून उघड्या दाराकडे बोट केलं. दारातून आलेलं ऊन थेट काउंटरवर पसरलं होतं. "कुठाय पाऊस?"

"येणार आहे. बाबांचा गुडघा ठणकतोय."

मॅनेजर खो खो हसत सुटला. "गुडघा! अहो, म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर धंदा चालवता तुम्ही?"

मालक हे सगळं इस्त्रीखोलीच्या दाराआड उभे राहून ऐकत होते. आपल्या मुलाचं तोंड कधी नव्हे ते लाल झालेलं त्यांना दिसलं. हा मुलगा लहानपणी शाळेत मार खाऊन आला तरी तोंड उघडत नसे. तो आता काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणत होता, "हसायचं काम नाही. तुम्हाला चादरी दुसरीकडे द्यायच्या असतील तर द्या, आत्ता उचला. पण माझ्या बाबांवर हसायचं नाही. त्यांचा गुडघा चुकत नाही."

मालकांना वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. सगळा जन्म ज्या मुलाने आपली बाजू घ्यावी म्हणून वाट बघितली, तो आज बाजू घेत होता आणि ती सपशेल खोटी होती. त्यांना धड आनंदही होईना. फक्त लाज वाटली, अशी की कानशिलं तापली. लंगडायचं विसरून ते ताडताड चालत दुकानात आले.

"नाही दुखत," ते म्हणाले.

दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"गुडघा नाही दुखत माझा. खाट हलवली तेव्हापासून कमी होत गेला आणि आता दुखतच नाही. आधी दुखायचा तो त्या ओल्या चादरींनी. मी रोज खोटं सांगत होतो. चूक याची नाही, माझी आहे. चादरी आत्ता उन्हात टाकतो, पुन्हा धुऊन देतो. वास आला तर परत येऊ नका."

पोराला झापायला आलेल्या माणसापुढे बाप उभा राहिला की आवाज आपोआप खाली येतो. "ही शेवटची खेप," असं पुटपुटून मॅनेजर गेला. चिरंजीवांनी वडिलांकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपली उचलली, चिमट्यांचा डबा काखेत मारला आणि अंगणात निघून गेले.

संपलं, मालकांना वाटलं. आपणच आपल्या हाताने संपवलं. तरी ते मागोमाग अंगणात गेले, कारण मोठी चादर एकट्याने पिळताही येत नाही आणि टांगताही येत नाही. त्यांनी न विचारता दुसरं टोक धरलं. दोघांनी ती झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग दुसरी घेतली. चादरींच्या दोन बाजूंना दोघं, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, आणि ते बरंच होतं.

"मग आता सकाळी मी तुमच्याकडे कशाला यायचं?" चादरीपलीकडून आवाज आला.

मालकांनी हातातला चिमटा पुन्हा डब्यात टाकला. "नको येऊस," ते म्हणाले. "तुला कामं असतात."

"तसं नाही बाबा." पलीकडे चिरंजीवांनी दोरी ताणून धरली. "आई होती तेव्हा ती मधे असायची. तुमचं मला सांगायची, माझं तुम्हाला. ती गेल्यावर मला समजेचना, तुमच्याशी बोलायचं काय? दारापर्यंत यायचो आणि परत जायचो. गुडघ्याचं बरं होतं. विचारायला काहीतरी होतं. तो कितीदा चुकला ते काय मला दिसत नव्हतं?"

मालक चादरीचं टोक धरून तसेच उभे राहिले. या पोराला सगळं दिसत होतं! तरी त्याने लॉज घालवायची तयारी केली होती, म्हाताऱ्या बापाच्या दारात उभं राहायचं निमित्त जाऊ नये म्हणून. आणि आपण निमित्त जाऊ नये म्हणून लंगडत होतो. दोघं मिळून घरभर बुरशी वाढवत बसलो, पण एक साधं वाक्य बोलायला दोघांनाही जमलं नाही. बापलेक शोभतो खरे, मालकांच्या मनात आलं.

"काहीही विचारत जा," ते शेवटी म्हणाले. "झोप लागली का, एवढं विचारलंस तरी पुष्कळ आहे."

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी कुणाला न विचारता आकाशाकडे एकदा बघितलं आणि टोपल्या अंगणात नेल्या. इस्त्रीखोलीच्या कोपऱ्यात मालक उठून खाटेवर बसले होते. दारात चिरंजीव येऊन उभे राहिले. ओले हात पँटला पुसले, चौकटीकडे बघितलं, पायांकडे बघितलं, घसा खाकरला.

"झोप लागली का, बाबा?"

"लागली," मालक म्हणाले.

झालं. बोलणं संपलं. आता हा जाणार, असं मालकांना वाटलं. गुडघा असता तर निदान कुठे दुखतोय, किती दुखतोय, वाऱ्याचं काय, असं काहीतरी पुढे चाललं असतं. ते बोलायला काही सापडतंय का ते शोधत राहिले. आणि शोधता शोधता त्यांनी मुलाकडे नीट बघितलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. केव्हापासून, कोण जाणे. रोज सकाळी तो समोर उभा राहत होता आणि मालक डोळे मिटून गुडघ्याचं ऐकत होते.

"आणि तुला?" त्यांनी विचारलं. "तुला लागते का रे झोप?"

मुलगा "हं" म्हणणार होता, त्याचे ओठ तसे हललेही. मग तो म्हणाला, "नाही बाबा. आई गेल्यापासून नाही लागत."

मालकांनी दोन्ही पाय जवळ घेतले आणि त्याला खाटेवर बसायला जागा केली.